रिसेल फ्लॅट घेताना आपल्या बाजूचा वेगळा एजंट ठेवावा का?

घरशोध_चालू

महाराष्ट्रात दोन बेडरूमच्या रिसेल फ्लॅटचा शोध चालू आहे. किंमत ८० लाखांच्या आसपास, त्यातले ६४ लाख गृहकर्जातून येतील असं धरलंय. जाहिरात बघून फोन केला की जो एजंट येतो, त्याला घर विकायचं काम मालकाने दिलेलं असतं. घर तोच दाखवतो, भाव तोच सांगतो, टोकनची पावतीही तोच लिहितो आणि शेवटी १ टक्का आपल्याकडूनही घेतो.

कागदपत्रांसाठी वकील करणार आहेच. मग खरेदीदाराने स्वतःचा वेगळा एजंट ठेवला तर तो जास्तीचं काय करतो? वकील तपासतो, बँकही तपासते, तर याला पैसे द्यायचे ते कशाचे? आणि ठेवलाच तर तो शेवटपर्यंत आपल्याच बाजूने राहील याची सोय कशी करायची? नियम, पायऱ्या आणि आकडे मिळाले तर जास्त उपयोग होईल.

सूची_दोन

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्या दोघांचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

आपल्याकडे एकाच एजंटने दोन्ही बाजूंकडून दलाली घेणं रूढ आहे. ८० लाखांच्या व्यवहारात दोन्हीकडून १-१ टक्का म्हणजे त्याचे १ लाख ६० हजार. तुम्ही घासाघीस करून भाव ३ लाखांनी उतरवला तर त्याचे सहा हजार कमी होतात, व्यवहार मोडला तर सगळेच जातात. म्हणजे भाव किती ठरतो यापेक्षा व्यवहार होतो की नाही, हे त्याला कितीतरी जास्त महत्त्वाचं. माणूस कितीही सरळ असला तरी हा हिशोब बदलत नाही. "तुम्ही जास्तीत जास्त कुठपर्यंत जाल?" हा प्रश्न तो पहिल्याच भेटीत विचारतो, आणि त्या उत्तराचा पहिला उपयोग विक्रेत्याला होतो. त्यामुळे समोरच्या एजंटला तुमचा वरचा आकडा, कर्जमंजुरीची रक्कम आणि सध्याचं घर कधी सोडायचंय, या तीन गोष्टी सांगू नका.

स्वतःचा एजंट म्हणजे फक्त आपण पैसे देतो तो. लेखी नेमणूक केली की भारतीय करार कायदा, १८७२ मधली एजन्सीची कलमं तुमच्या बाजूने लागू होतात. कलम २११ प्रमाणे त्याने तुमच्या सूचनेप्रमाणे वागायचं, २१३ प्रमाणे मागाल तेव्हा हिशोब द्यायचा, आणि तुम्हाला न सांगता त्याने याच कामात स्वतःचा फायदा काढला तर २१६ प्रमाणे तो फायदा तुम्ही मागू शकता. नेमणूक तोंडी असेल तर "मी नेमका कोणाचा एजंट होतो" इथूनच वाद सुरू होतो.

रेरावर, म्हणजे स्थावर मालमत्ता व्यवहारांच्या नियमनाच्या कायद्यावर, मात्र इथे फार विसंबू नका. २०१६ च्या त्या कायद्यातली एजंटची नोंदणी आणि जबाबदाऱ्या रेरा प्रकल्पांतल्या घरांच्या व्यवहारांसाठी आहेत. जुन्या, प्रकल्प म्हणून कधीच नोंद न झालेल्या इमारतीतला रिसेल त्या चौकटीत सहसा बसत नाही. तरीही नोंदणीकृत एजंटच निवडा. महारेराने (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, त्यामुळे चटई क्षेत्र (घरातलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्र) म्हणजे काय आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) कशाला लागतं एवढं तरी त्याला माहीत असतं. त्याचा नोंदणी क्रमांक "ए" अक्षराने सुरू होतो आणि महारेराच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नोंदणीची मुदत ५ वर्षांची असते, ती संपलेली नाही ना तेही बघा.

करारपत्र दोन पानांचं पुरतं, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. काम कोणत्या भागापुरतं आणि किती किंमतीपर्यंतचं, मुदत किती (९० दिवस पुष्कळ झाले), मोबदला किती आणि कोणत्या टप्प्याला, हे लिहा. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: या व्यवहारात विक्रेता, त्याचा एजंट, बँक, वकील किंवा इतर कोणाकडूनही तो कमिशन घेणार नाही, आणि विक्रेत्याशी नातं, भागीदारी किंवा आधीचा व्यवहार असेल तर घर दाखवण्याआधी लेखी कळवेल. तुमचं बजेट आणि अडचणी तो कोणाला सांगणार नाही, हेही लिहा. एजंट बहुधा "मी दाखवलेलं घर मुदतीनंतर घेतलं तरी माझी फी लागू" असं कलम घालायला सांगतो. ते रास्त आहे, पण त्याला ३ ते ६ महिन्यांची मर्यादा घाला आणि दाखवलेल्या घरांची यादी तारखेनिशी जोडा.

फी टक्क्यांत ठरवण्यापेक्षा ठोक ठरवा. टक्क्यांत ठरली की घर जितकं महाग तितका त्याचा लाभ, तुमचा नाही. "जितकी किंमत कमी करून देईन त्यात हिस्सा" हा प्रस्ताव ऐकायला बरा वाटतो, पण त्यात सुरुवातीचा आकडा फुगवून सांगण्याचा मोह तयार होतो. ठोक रकमेचा काही भाग करारनामा नोंदल्यावर आणि उरलेला ताबा व भाग प्रमाणपत्रावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढल्यावर द्या. शेवटचा हप्ता हातात राहिला नाही तर सोसायटीतल्या हस्तांतराच्या कामाला त्याचे पाय वळत नाहीत. तो जीएसटी नोंदणीकृत असेल तर फीवर १८ टक्के वेगळे लागतील. ८०,००० फी असेल तर हातून ९४,४०० जातात, म्हणून "करासह की कराशिवाय" हे पत्रात स्पष्ट हवं.

आता तो काय करतो. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे भाव काढणं. जाहिरातीतले भाव मागितलेले असतात, मिळालेले नसतात. मिळालेला भाव सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात, असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सीटीएस (शहर भूमापन) नंबर टाकला की त्या जागेवर नोंदलेले दस्त दिसतात. प्रत्येक सूचीत मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, दस्त करून दिल्याची तारीख आणि मुद्रांक शुल्क दिलेलं असतं. चांगला एजंट त्याच सोसायटीतले आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतले गेल्या १२ ते १८ महिन्यांतले दस्त काढतो आणि त्यातून नातेवाइकांमधले व्यवहार, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं वगळतो. मग सगळे एकाच मापात आणतो.

हे माप फार महत्त्वाचं. सूचीतलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, कधी चटई तर कधी बांधीव असतं. १ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट. ५८ चौ. मी. चटई म्हणजे ६२४ चौ. फूट. "८५० फुटांचा फ्लॅट, ८० लाख" असं कोणी म्हणालं की भाव ९,४०० च्या आसपास वाटतो, पण चटईवर तोच १२,८०० पडतो. शेजारच्या इमारतीतला आकडा चटईवरचा आणि हा सुपर बिल्टअपवरचा (जिना, लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून) असेल तर तुलना करून हाती काही लागत नाही.

एवढं झाल्यावर मजला, लिफ्ट, पार्किंग, इमारतीचं वय यांचा फरक धरून तो तुम्हाला भावाचा पट्टा देतो. बोलणी त्या कागदावर होतात. "थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा "याच इमारतीत मार्चमध्ये या भावाने दस्त झालाय" म्हणणं वेगळं असतं.

कर्जखाते

वरच्या प्रतिसादाशी सहमत. "बँक तपासतेच" या वाक्यात मात्र एक मोठी फट आहे, ती सांगतो.

बँक स्वतःच्या पैशांपुरतं तपासते. मंजुरीपत्र तुमच्या उत्पन्नावर मिळतं. घराची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी त्यानंतर होते. तोवर टोकन देऊन झालेलं असतं.

तुमचेच आकडे घ्या. किंमत ८० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतचं कर्ज मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचं ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचं ७५ टक्क्यांपर्यंत देता येतं. तुम्ही ८० टक्क्यांनी ६४ लाख धरलेत. पण बँका करारातली किंमत आणि त्यांच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यातली कमी असेल ती धरतात. मूल्यांकन ७२ लाख आलं तर कर्ज ५७ लाख ६० हजार. एका दिवसात ६ लाख ४० हजारांची फट पडते, आणि ती स्वतःच्या खिशातून भरायची असते.

वर मुद्रांक शुल्क. महापालिकेप्रमाणे ६ किंवा ७ टक्के (मुंबईत ६, पुण्यात ७), खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का कमी. ८० लाखांवर ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार, नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम कर्जाच्या हिशोबात धरली जात नाही. आणि शुल्क करारातली किंमत व रेडी रेकनरने (शासनाच्या दरतक्त्याने) निघणारा बाजारभाव यात जे जास्त असेल त्यावर लागतं, म्हणून रेकनरचा दरही आधीच काढून ठेवायला हवा.

इथे स्वतःच्या एजंटचा उपयोग असा की टोकन देण्याआधीच तो त्या इमारतीला कोणत्या बँकांनी कर्ज दिलंय, मूल्यांकन साधारण कुठे येतं, बांधकामात मंजूर नकाशापेक्षा काही फेरफार आहे का, याची चौकशी करतो. बाल्कनी आत घेतलेली असेल, ड्राय बाल्कनीची स्वयंपाकघरात भर घातली असेल, तर मूल्यांकक तेवढं क्षेत्र सोडून देतो. विक्रेत्याने मात्र त्याचे पैसे किंमतीत धरलेले असतात.

टोकनच्या पावतीबद्दल कळकळीने सांगतो, कारण सर्वाधिक पैसे इथेच अडकतात. पावती बहुधा चार ओळींची असते आणि "खरेदीदाराने माघार घेतल्यास टोकन जप्त" एवढंच त्यात धडपणे लिहिलेलं असतं. तुमचा एजंट आणि वकील मिळून पुढची वाक्यं त्यात आणतात: वकिलाने शीर्षक (मालकी हक्क) निर्वेध आहे असा अभिप्राय दिला नाही, बँकेने कायदेशीर किंवा तांत्रिक कारणाने नाकारलं, किंवा मूल्यांकन अमुक आकड्याच्या खाली आलं, तर पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत. तपासणीला किमान २१ दिवस. त्या काळात विक्रेता दुसऱ्याशी बोलणी करणार नाही. रक्कम मालकाच्याच खात्यावर, एजंटच्या नव्हे. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, तेव्हा "थोडे रोख" ही भाषा आली की तिथेच थांबायचं.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर वेळापत्रक आणखी ताणतं. त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्यावी लागते, तुमची बँक थेट त्या बँकेला पैसे देते, मग कागद सुटतात. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलंय, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तरी ते ३० दिवस हिशोबात धरावेच लागतात. थकबाकीचं पत्र ठरावीक तारखेपर्यंतच चालतं. तुमचा चेक त्यानंतर निघाला तर व्याजाचा फरक राहतो आणि खातं बंद होत नाही. या तारखा एकमेकींत बसवणं हे वकिलाचं काम नाही, बँकेचंही नाही. रोज फोन करून ते करणारा माणूस लागतो.

उंबरठा

थोडा विरोधी सूर लावतो.

प्रत्येक व्यवहाराला वेगळा एजंट लागतोच असं नाही. घर ओळखीच्या माणसाकडून, त्याच सोसायटीतल्या भाडेकरूने किंवा शेजाऱ्याने घ्यायचं असेल, इमारतीतले भाव माहीत असतील आणि मालक थेट बोलत असेल, तर वकील, बांधकाम बघणारा एखादा सिव्हिल इंजिनिअर आणि स्वतःचे पंधरा दिवस एवढ्यावर काम होतं. सूची २ काढायला कोणाची परवानगी लागत नाही.

बिल्डरच्या नव्या प्रकल्पात तर "तुमचा एजंट" हा शब्द जपून घ्या. तिथे एजंटला कमिशन बिल्डर देतो, तुम्हाला तो फुकट वाटतो आणि म्हणून तो तुमचा नसतो. तो तीन प्रकल्प दाखवतो ते बहुधा त्याला कमिशन देणारे. तिथे तुमचं संरक्षण कायद्यात आहे: नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही (रेराचं कलम १३), आणि कलम १० प्रमाणे एजंटने बुकिंगच्या वेळी तुम्हाला मिळायला हवीत ती सगळी माहिती व कागद द्यायचे असतात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मंजुऱ्या, खटले आणि पूर्ततेची तारीख दिसते. तिथे एजंटपेक्षा चांगल्या वकिलावर पैसे घाला.

आणखी एक. एजंटने शीर्षकाबद्दल दिलेलं आश्वासन धरून चालू नका. "टायटल क्लिअर आहे" हे तो म्हणतो, पण ३० वर्षांचा शोध वकील घेतो आणि लेखी अहवालावर सही करतो. एजंट कागद गोळा करून आणेल. त्यांचा अर्थ लावणं हे त्याचं काम नव्हे, आणि चांगला एजंट ते स्वतःहून सांगतो.

घरशोध_चालू

सगळ्यांचे मनापासून आभार. मूल्यांकनाची फट माझ्या हिशोबात नव्हतीच.

दोन गोष्टी अजून अडतात. स्वतःचा एजंट ठेवला आणि विक्रेत्याच्या एजंटनेही माझ्याकडे १ टक्का मागितला तर दुहेरी पैसे जाणार का? आणि काही घरं मी आधीच बघून आलोय, त्यांचं काय?

सूची_दोन

दुहेरी द्यायचे नाहीत, पण ते घर बघण्याआधी ठरवावं लागतं. एजंट लोकांत याला "साइड बाय साइड" म्हणतात: ज्याने त्याने आपापल्या पक्षाकडून घ्यायचं. तुमच्या एजंटने पहिल्या फोनवरच समोरच्याला सांगायचं की खरेदीदाराची बाजू माझ्याकडे आहे, तुमचं तुम्ही मालकाकडून घ्या, आणि तेच वाक्य व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवायचं. काही जण नकार देतील. अशा वेळी ते घर सोडायचं, की दोन्ही फी धरूनही भाव पट्ट्यात बसतो का हे बघायचं, ते आकड्यावर ठरवा.

तुम्ही स्वतः आधी बघून आलेल्या घरांचं अवघड आहे. ज्याने दाखवलं तो खरेदीदाराची बाजू आपली म्हणणार, आणि भेटीच्या आधी त्याने "दलाली १ टक्का" असा मेसेज पाठवून तुम्ही "ओके" लिहिलं असेल तर त्याच्या हातात पुरावा आहे. ती घरं तुमच्या एजंटच्या करारातून नावानिशी वगळा, म्हणजे निदान त्याला तरी त्यांची फी लागणार नाही. हवं तर अशा एका घरापुरतं त्याच्याकडून भाव काढणं, टोकनची भाषा आणि तारखांचं काम ठोक रकमेत करून घ्या. पुढच्या घरांसाठी मात्र जाहिरात दिसली की स्वतः फोन करू नका, दुवा त्याला पाठवा.

निवड करताना एक साधी परीक्षा सांगतो. "या सोसायटीतले गेल्या वर्षातले तीन दस्त मला दाखवा" असं म्हणा. जो दोन दिवसांत सूची २ घेऊन येतो त्याच्याशी पुढे बोला. जो फक्त संकेतस्थळावरचे भाव वाचून दाखवतो त्याला फी कशाची द्यायची?

सोसायटी_दप्तर

सोसायटीचा भाग कोणी घेतला नाही, आणि रिसेलमध्ये नोंदणीनंतरची निम्मी डोकेदुखी तिथे असते.

एजंटकडून टोकनच्या आधी आणवून घ्यायचं ते हे: भाग प्रमाणपत्राच्या दोन्ही बाजू (मागे हस्तांतराच्या नोंदी असतात, साखळीतला एखादा मालक तिथे नसेल तर आधी तो उलगडा), पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे सूची २ आणि नोंदणी पावतीसह, भोगवटा प्रमाणपत्र, देखभालीची थकबाकी नसल्याचा दाखला, आणि मालमत्ता कर व वीजबिल. साखळीतला एखादा जुना करार नोंदलेलाच नसेल किंवा मुद्रांक कमी भरलेला असेल तर तो खर्च कोणाचा हे टोकनच्या पावतीत आलं पाहिजे.

मूळ मालक वारला असेल तर नीट बघा. सोसायटीत नॉमिनीचं नाव चढलं म्हणजे तो एकटा मालक झाला असं नसतं. बाकीचे वारस हक्क सांगू शकतात, म्हणून सगळ्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा करारावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. परदेशात असलेला एक भाऊ हे व्यवहार महिनोन्महिने लांबण्याचं नेहमीचं कारण आहे, त्याचं कुलमुखत्यारपत्र तिकडून यायचं असतं. ही चौकशी एजंटने पहिल्या भेटीतच करायची.

पार्किंग. "स्टिल्ट पार्किंगसह" असं लिहून त्याचे ३-४ लाख किंमतीत धरलेले असतात. मोफा (फ्लॅट मालकीचा महाराष्ट्राचा जुना कायदा) कायद्याखालच्या इमारतींत स्टिल्टमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. जागा सोसायटी वाटून देते. तेव्हा विक्रेत्याच्या नावे सोसायटीचं वाटपपत्र आहे का, आणि घर विकल्यावर ती जागा नव्या सभासदाकडे जाते की यादीतल्या पुढच्याकडे, हे सचिवांकडून लेखी घ्या. फक्त तोंडी वापर असेल तर किंमतीतून ती रक्कम वजा करायची.

हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, वर हस्तांतर फी ५०० आणि प्रवेश फी १००. "विकास निधी" किंवा "देणगी" म्हणून आणखी मागता येत नाही. आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) हस्तांतराला सोसायटीची एनओसी लागत नाही, पण बँका ती मागतात, आणि अर्ज केल्यावर समिती महिनाभर घेऊ शकते. मघाशी म्हटलेल्या २१ दिवसांत हे बसत नाही, म्हणून एनओसीचा अर्ज विक्रेत्याने टोकनच्या दिवशीच टाकायचा.

शेवटी पुनर्विकास. जुन्या इमारतीत गेल्या दोन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं एजंटकडून मागवा. ठराव झाला असेल किंवा विकसक नेमला असेल तर भाडं, कॉर्पस (विकसक देतो ती एकरकमी रक्कम) आणि वाढीव क्षेत्र विक्रेत्याला की तुम्हाला, हे करारनाम्यात स्वतंत्र कलम घालून ठरवावं लागतं. मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून वर्गणी काढायचं ठरलं असेल तर तीही याच कागदांत सापडते. विक्रेता आपणहून सांगेलच असं धरू नका, त्याला कोणी विचारलेलं नसतं.

कर्जखाते

एक राहिलं. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या नावे भरायचा कर) तुम्हाला कापायचाय, टोकनसकट प्रत्येक हप्त्यातून. कपात केलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. हा १ टक्का बँकेच्या चेकमध्ये कसा बसवायचा, म्हणजे तुम्ही आपल्या वाट्यातून भरून पावती बँकेला देणार की कसं, ते कर्ज अधिकाऱ्याशी आधीच ठरवा, नाहीतर ८० लाखांच्या व्यवहारात नोंदणीच्या दिवशी ८०,००० वरून विक्रेत्याशी वाद होतो.

आणि विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. दर खूप वरचा असतो, आणि विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर तो नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर लावायची वेळ येते. कमी कापलं तर खातं तुम्हाला विचारतं. तेव्हा तुमच्या एजंटने मालकाला घर बघायच्या दिवशीच विचारायचं: तुम्ही निवासी की अनिवासी, आणि पॅन चालू आहे ना?